दोनशे तास

माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन त्यांच्याच खुर्च्या बांधून ठेवायचा. हसू नका, त्याचं कामच तसं होतं. एका जुन्या दुकानात भारीतले स्पीकर विकायला असत, एक पेटी उचलायला दोन माणसं लागावीत असे. मालक विकायचे आणि हा घरोघरी जाऊन लावून द्यायचा. मालकांनी त्याचं नाव कानसेन ठेवलं, म्हणून गिऱ्हाइकंही तेच म्हणायची. पुढे मीही म्हणायला लागले, कारण त्याला ते नाव आवडायचं नाही आणि मोठ्या बहिणीला तेवढा अधिकार असतोच.

लावून द्यायचा म्हणजे नुसत्या तारा जोडून यायचा नाही. आधी खोलीच्या मधोमध उभा राहून टाळ्या वाजवायचा. घरातली माणसं एकमेकांकडे बघायची की मालकांनी कुणाला पाठवलंय हे. टाळी भिंतीवर आपटून कशी परत येते ते तो ऐकायचा. मग सुरू व्हायचं. हे कपाट हलवा, त्या काचेला जाड पडदा लावा, सोफा भिंतीपासून दीड हात पुढे घ्या. घरोघरच्या बायका त्याच्या नावाने बोटं मोडायच्या. मग खिशातून टेप निघायची. टेप माझीच, शिवणकामाची, स्वतःची त्याने कधी घेतली नाही. दोन पेट्यांमधलं अंतर आणि प्रत्येक पेटीपासून खुर्चीपर्यंतचं अंतर, अशी तिन्ही मापं सारखी आली की पेट्या बोटभर आत वळवायचा. कुणा गायिकेचं गाणं लावायचा. ती बाई डाव्या पेटीत नाही, उजव्या पेटीत नाही, दोन्हींच्या मधे, जिथे नुसती भिंत आहे तिथे उभी राहून गायला लागली की काम झालं. संध्याकाळी घरी आला की मी विचारायचे, उभी राहिली का रे बाई? तो म्हणायचा, राहिली. कधी म्हणायचा, नाही राहिली, उद्या परत जातो. आणि जायचा, कुणी बोलावलं नसलं तरी.

खुर्चीचं सांगायचं राहिलं. नव्या स्पीकरमधला पडदा कडक असतो. दोनशे तास वाजला की मोकळा होतो आणि मग खरा आवाज देतो. मी शिंपीण, मला हे लगेच पटलं. कोरं कापड भिजवल्याशिवाय मीही बेतत नाही. पण ह्याचं पुढे आणखी एक होतं. तो म्हणायचा, पहिल्या दिवशी समोर बसून ऐकलंत तर तो कडकपणा कानात बसतो आणि मग उठत नाही. म्हणून दोनशे तास पेट्या वाजू द्या, घरात वावरा, पण समोर बसायचं नाही. लोकांना कुठला दम निघणार? म्हणून हा खुर्चीच्या दोन्ही हातांना आडवी फीत बांधून यायचा, माझ्याच रिळावरची, आणि सांगायचा की दोनशे तास झाले की कळवा, मीच येऊन सोडेन. मोठमोठी माणसं, हाताखाली शंभर शंभर लोक असलेली, ह्या सुतळीएवढ्या माणसाच्या धाकाने स्वतःच्या घरात स्वतःच्या खुर्चीत बसायची नाहीत. फीत सोडायच्या दिवशी गिऱ्हाईक बसायचं आणि हा खुर्चीमागे उभा राहायचा. बसायचा मान ज्याचं घर त्याचा.

स्वतःच्या घरात ह्याच्याकडे काय होतं, तर स्वयंपाकघरात एक लहानसा रेडिओ, तोही बातम्यांपुरता. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, दोनशे तास थांबेल अशी मिळाली नाही. माझे यजमान गेले तेव्हा हाच येऊन मला आणि माझ्या शिवणयंत्राला घेऊन आला. त्याला अकरा वर्षं झाली. पुढची खोली त्याने मला शिवायला दिली आणि स्वतः मागच्या खोलीत गेला. मी म्हटलं होतं, तुझ्या उपकाराखाली राहणार नाही, माझं मी कमावीन. तो म्हणाला, बरं. तेव्हापासून मी कमावत होते, आणि कमवू शकते हे रोज त्याला दिसेल अशा बेताने यंत्र चालवत होते.

गेल्या वर्षी त्याच्या उजव्या कानात शिट्टी वाजायला लागली. मला सांगितलं नाही. माझं यंत्र बंद असताना विचारायचा, चालू आहे का. मग एकदा गिऱ्हाइकाकडे पेटी वळवताना तोल जाऊन पडला, तेव्हा मालकांनी त्याला धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर एक बाई होत्या, बोलायला सरळ. ऐकण्याच्या नसेवर बोराएवढी गाठ होती. आज जिवाला धोका नव्हता, पण ती वाढत होती आणि उद्या जिवावर उठली असती. काढायलाच हवी होती, आणि काढली की उजवा कान पूर्ण जाणार होता. डाव्याला काही होणार नव्हतं. उजव्या कानाने अजून किती ऐकू येतंय ते त्यांनी मशीनवर पाहिलं होतं. शिट्टी होती, पण शिट्टीच्या पलीकडचं पुष्कळ येत होतं. ऑपरेशनची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली.

दुसऱ्याच दिवशी हा दुकानात गेला आणि स्वतःसाठी एक जोडी मागवून आला. दुकानातली सगळ्यात चांगली. मी बोलायचं ते सगळं बोलले. कान जायची वेळ आली आणि आता स्पीकर घेतोस, वरातीमागून घोडं ते हेच, असंही म्हटलं. तो जेवत होता. घास खाली ठेवून म्हणाला, "ताई, मी एकतीस वर्षं खुर्चीच्या मागे उभा राहिलो. एकदा बसायचंय. दोन्ही कान आहेत तोवर."

मग त्याने मला समजावलं की एका कानाने गाणं ऐकू येतं, पण बाई मधे उभी राहत नाही. तिला उभं राहायला दोन कान लागतात. मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, हे ओळखीचं कुणीही सांगेल.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. दोन खोकी येणार होती, त्यातलं एक आठवड्याने आलं आणि दुसरं कुठल्या तरी गोदामात अडकलं. आलेलं खोकं हा उघडेना. म्हणे जोडी एकत्रच उघडायची. सात दिवस ते खोकं माझ्या खोलीत पडून राहिलं आणि मी त्याला वळसा घालून येत जात राहिले. दुसरं आलं तेव्हा हातात वीस दिवस उरले होते. माझं यंत्र स्वयंपाकघरात गेलं, कपडे बेतायचं टेबल त्याच्या खाटेवर चढलं, आणि पुढच्या खोलीत फक्त दोन पेट्या आणि एक खुर्ची उरली. खुर्चीला त्याने फीत बांधली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीला. मी म्हटलं, इथे कोण बसणार आहे चोरून? तो म्हणाला, मीच.

आता दुसरी अडचण. आमच्या खालच्या घरात एक नर्स राहते. तिची रात्रपाळी असते, दिवसभर ती झोपते. दिवसा गाणी वाजवली तर त्या बिचारीने झोपायचं कधी? ह्यावर त्याच्याकडे धंद्यातली युक्ती होती. दोन पेट्या समोरासमोर आणायच्या, तोंडाला तोंड लावून, आणि एका पेटीच्या मागच्या तारा उलट्या जोडायच्या. मग एक पेटी हवा पुढे ढकलते त्याच वेळी दुसरी मागे ओढते, आणि मधल्या मधे आवाज मरतो. पेट्या आतून पुरत्या वाजत असतात, मोकळ्या होत असतात, पण बाहेर नुसती गुणगुण. वरून माझ्या दोन गोधड्या टाकल्या. मी कान लावून पाहिलं तर खरंच काही नाही. तो म्हणाला, "तार उलटी असली की मधे कुणी उरत नाही." मी म्हटलं, हे आपल्या आईबाबांना कळलं असतं तर घर किती शांत राहिलं असतं. तो खूप दिवसांनी हसला.

सकाळी नऊला सुरू, रात्री नऊला बंद. दिवसाचे बारा तास. झालेले तास तो जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर माझ्या खडूने लिहायचा. रात्रभर चालू ठेवू का, असं त्याने एकदा विचारलं होतं. मी नाही म्हटलं. विजेची वस्तू चालू ठेवून झोपायचं नाही हा माझा नियम आहे. सतरा दिवसांत दोनशे होतात, तीन दिवस हातात राहतात, मग घाई कसली, असं मी म्हणाले. हे मी मुद्दाम सांगते आहे. माझी चूक एकच झाली असं कुणी समजू नये.

तेराव्या दिवशी सकाळी त्याने दाढी करताना मला हाक मारली. उजवा गाल बधिर झाला होता, पाणी लागलेलं कळत नव्हतं. मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आता तारखेची वाट बघायची नाही, उद्या सकाळी दाखल करा, परवा ऑपरेशन करू. मी फोन ठेवला तेव्हा कॅलेंडरवर एकशे चव्वेचाळीस लिहिलेलं होतं. पेट्या गोधड्यांखाली गुणगुणत होत्या.

मला वाटलं होतं तो स्वतःच उठेल आणि फीत सोडेल. तो उठला आणि बॅग भरायला लागला. मी विचारलं, आणि ऐकायचं? तो म्हणाला, छप्पन्न तास राहिलेत. मी म्हटलं, अरे, परवा कान जातोय. तो म्हणाला, लोकांना एकतीस वर्षं एक सांगितलं आणि स्वतःवर वेळ आली की दुसरं करायचं, हे मला जमणार नाही. माझं डोकं फिरलं. मी कात्री घेतली, पुढच्या खोलीत गेले आणि फीत कापून टाकली.

"दोनशे तास पेटीला लागतात," मी म्हटलं. "तुला लागत नाहीत. बस."

तो दारात उभा राहून त्या कापलेल्या फितीकडे बघत राहिला. रागावला नाही. हातातला टॉवेल त्याने खांद्यावर टाकला आणि म्हणाला, मग नीट लावू.

पण लावणार कसा? वाकला की त्याला घर फिरल्यासारखं व्हायचं. म्हणून तो खुर्चीत बसून सांगायचा आणि मी करायचे. आधी दोन्ही पेट्यांच्या तारा काढल्या, पेट्या एकेक करून सरकवल्या. खालच्या नर्सला आवाज गेलाच, ती वर आली, मी दोन वाक्यांत सांगितलं आणि तिने एका बाजूने पेटी धरली. सगळं जागेवर आल्यावर ती खाली गेली आणि जाताना म्हणाली, आज हवं तेवढं मोठ्याने लावा. मी टेप धरली, तिन्ही मापं घेतली. त्याने पेट्या माझ्याकडून बोटभर वळवून घेतल्या, मग अर्धं बोट परत. दुपार झाली. मग राहिलं तारा जोडायचं.

त्या तारेला दोन पदर असतात, दोन्ही पांढरे. एका पदरावर केसाएवढी उभी रेघ उठलेली असते, दिसते त्याहून बोटाला जास्त कळते. पेटीच्या मागे दोन खुंट्या, एक लाल आणि एक काळी. रेघेचा पदर लाल खुंटीत घालायचा, बिनरेघेचा काळीत, दोन्ही पेट्यांना तसंच. एवढंच काम. पहिल्या पेटीची तार मी खिडकीच्या उजेडात धरली, रेघ दिसली, घातली. दुसरी पेटी कोपऱ्यात होती आणि तार आखूड. उजेडापर्यंत येईना. मी गुडघ्यावर बसून डोळे बारीक केले, दोन्ही पदर सारखेच. बोटांनी चाचपलं. पंचेचाळीस वर्षं सुई टोचून माझ्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला घट्टे पडलेत, त्यांना केसाएवढं काय कळणार? तिकडून त्याने विचारलं, रेघ लालला आहे ना? मी एक पदर उचलला आणि लाल खुंटीत घातला.

"हो रे बाबा," मी म्हटलं. "झालं."

त्याने गाणं लावलं. एका बाईचं, मागे एकच तंतुवाद्य. डोळे मिटून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून बसला. मी दाराशी उभी राहून त्याचा चेहरा बघत होते. इतकी वर्षं तो गिऱ्हाइकांचे चेहरे सांगायचा, कुणी रडतं, कुणी तोंड उघडं टाकून बसतं, एक म्हातारे गृहस्थ उठून समोरची भिंत चाचपून आले होते. मला त्याच्या चेहऱ्यावर तसलं काही बघायचं होतं. अर्ध्या गाण्यात त्याने मान थोडी डावीकडे फिरवली, मग उजवीकडे. मग सरळ बसला. गाणं संपल्यावर डोळे उघडून मला विचारलं, "ताई, दोन्हीकडे रेघ लालला आहे? नक्की?"

आता इथे मला सांगता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं की कोपऱ्यातली मला दिसली नाही. पण मी दमले होते, गुडघे दुखत होते, आणि खरं सांगायचं तर मला दिसत नाही हे ह्या घरात मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, किती वेळा तेच तेच विचारशील, हो म्हटलं ना.

तो म्हणाला, "छान आहे." आणि उठला. दुसरं गाणं लावलं नाही. मला रागच आला. दोनशे तासांचं एवढं कौतुक आणि हा चार मिनिटांत उठून बॅग भरायला गेला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याला आत नेण्याआधी मी खाटेशी बसले होते. डोक्याची उजवी बाजू भादरली होती. मी म्हटलं, घाबरू नकोस. तो म्हणाला, घाबरलो नाही, जे जायचं ते आधीच गेलंय. मला कळलं नाही. मग त्याने सांगितलं. "परवा मधे कुणी नव्हतं, ताई. आवाज दोन्ही बाजूंना फाटून गेला होता. बाई उभीच राहिली नाही. मशीनवर काहीही दिसो, कान संपलाय माझा. बरं झालं कळलं ते. आता काढला तरी काही जात नाही." असं म्हणून त्याने माझा हात थोपटला. समजूत मी घालायची, तर तोच माझी घालत होता.

ऑपरेशन आठ तास चाललं. गाठ पूर्ण निघाली. चेहरा वाचला, फक्त उजवी बाजू जरा जड आहे आणि तो डोळा मिटायला थोडा वेळ घेतो. कान गेला.

तिसऱ्या दिवशी मी अंघोळीला घरी आले. पुढच्या खोलीत गोधड्या तशाच पडल्या होत्या. त्या घडी करताना मला त्याचं बोलणं ऐकू आलं, आधीचं, ह्याच गोधड्या टाकतानाचं. तार उलटी असली की मधे कुणी उरत नाही. मी घडी अर्धी टाकून उभी राहिले. मग आत गेले. बटणांच्या डब्यात तळाला मी एक भिंग लपवून ठेवलंय, सुईत दोरा ओवायला. ते आणलं, टॉर्च आणली, आणि कोपऱ्यातल्या पेटीमागे जमिनीवर पालथी झोपून पाहिलं. रेघेचा पदर काळ्या खुंटीत होता.

मी तिथे किती वेळ पडून होते मला सांगता येणार नाही. काय केलं मी हे? त्याच्या आयुष्यात एकदाच बसायचं होतं त्याला. तार मी सरळ केली नाही. ती तशी ठेवून मी काय मिळवणार होते कोण जाणे, पण तिला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

सांगायचं ठरवलं आणि सांगितलं नाही. आधी म्हटलं, टाके निघू देत. टाके निघाले. मग म्हटलं, घरी येऊ दे. घरी आला. मग वाटलं, त्याने मनाची समजूत घातलीय, की कान आधीच गेला होता. ती मोडून काय साधणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. असं मी स्वतःला रोज सांगायचे आणि रोज रात्री माझं ताट तसंच झाकून ठेवायचे.

मूठ झाकलेली राहिली असती. पण एक दिवस मी स्वयंपाकघरात यंत्रावर बसले असताना त्याचा फोनवरचा आवाज आला. एका जुन्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. म्हणत होता, दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे मी लावून गेलो ते चुकीचं असणार. माझा कान तेव्हापासूनच खराब होता, मला कळलं नाही. दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, मी दिलगीर आहे. फोन ठेवला. मी दारात गेले तर त्याच्यापुढे टेबलावर एक कागद होता, त्यावर नावांची यादी. गेल्या तीन-चार वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या घरी त्याने खुर्ची बांधली होती ती सगळी. पहिल्या दोन नावांवर काट मारलेली. तिसऱ्याचा नंबर लावायला त्याने फोन उचलला. मी पुढे होऊन तो कागद उचलला आणि फोनवर हात ठेवला.

मी म्हटलं, "कोपऱ्यातल्या पेटीची तार उलटी आहे. मी उलटी जोडली. मला रेघ दिसली नव्हती."

त्याला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. मी त्याच्या उजव्या बाजूला उभी होते. मग मी समोर बसले आणि पुन्हा सगळं सांगितलं, उजेड, आखूड तार, बोटांचे घट्टे, भिंग. काही लपवलं नाही. तो ऐकत होता.  मग अगदी हळू म्हणाला, "दोनदा विचारलं होतं मी तुला."

"हो."

"दिसत नाही एवढं म्हणायला काय झालं होतं, ताई?"

मी म्हटलं, दोन वर्षं झाली, बारीक काही दिसत नाही. शिवणं हातून सुटलं तर ह्या घरात माझं काय? तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी परक्या भाषेत बोलतेय. म्हणाला, एवढ्यासाठी? मी मान हलवली. एवढ्यासाठीच. ह्याहून मोठं कारण असतं तर मी ते सांगितलं असतं.

मला वाटलं आता तो रागावेल. रागावावं अशी माझी इच्छा होती. तो उठला, भिंतीला हात लावत लावत पुढच्या खोलीत गेला, मी मागोमाग, आणि तो कोपऱ्यात हळूहळू खाली बसला. पेटीच्या मागे हात घालून त्याने तार चाचपली. एका सेकंदात त्याला कळलं. तसाच सरकत दुसऱ्या पेटीशी गेला, तिचीही चाचपली, आणि पुन्हा येऊन पहिलीची. मग तिथेच जमिनीवर पेटीला टेकून बसला. चेहऱ्यावर मला कळेना असं काही तरी होतं, एका बाजूने हसल्यासारखं, दुसरी बाजू अजून नीट हलत नाही.

"म्हणजे कान बरोबर होता," तो म्हणाला. "तार उलटी आहे असंच सांगत होता तो मला. शेवटच्या दिवसापर्यंत खरं सांगत होता."

 यादीचा तो कागद अजून माझ्या हातात होता.

"आणि मी त्याला खोटं ठरवून पाठवलं," तो म्हणाला, आणि रडायला लागला. गाठ सांगितली तेव्हा रडला नव्हता, केस काढले तेव्हा नाही, टाके काढतानाही नाही. आता त्या डोळ्याने आणि ह्या डोळ्याने, आवाज करून, लहानपणी रडायचा तसा रडला. मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसले, म्हणजे मी काही म्हटलं तर त्याला ऐकू जाईल. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.